अमळनेरच्या मुलींचं डावं वळण

जळगाव

खानदेशात थंडी पडते असं मला पुण्यात कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. खानदेश म्हणजे ऊन, केळी आणि वांगी, एवढंच आमचं ज्ञान. त्यामुळे ऐन डिसेंबरात मी एक पातळ शाल घेऊन निघाले. पहाटे जळगाव स्टेशनावर उतरले तेव्हा माझी बत्तिशी अशी वाजत होती की हमालच म्हणाला, "ताई, पिशव्या मी उचलतो, तुम्ही आधी चहा घ्या." पिशव्या उचलल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. "काय भरलं हो यांच्यात? लोखंड?" म्हटलं, "चाकांचे बूट आहेत." त्यानं माझ्या पांढऱ्या व्हायला लागलेल्या केसांकडे एकदा पाहिलं. "तुम्ही घालतात?" मी हो म्हटलं, तसा तो बिचारा पिशव्या डोक्यावर घेऊन चालायला लागला.

हो, मी घालते! पुण्यात मी मुलींना स्केटिंग शिकवते आणि त्याआधी बरीच वर्षं रोलर हॉकी खेळले. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पायांत चार-चार चाकांचे स्केट्स, हातात हॉकीची काठी, खाली सिमेंटची गुळगुळीत जमीन आणि एक टणक चेंडू, जो हमखास नडगीवर बसतो. लोकांना वाटतं हॉकी हातांनी खेळतात. डोंबल! ही हॉकी मांड्यांनी खेळतात. जिला गुडघे वाकवून, पाय बाजूला पूर्ण ढकलून जोर काढता येतो, ती चेंडूपाशी आधी पोचते. मग तिच्या हातात काठीऐवजी लाटणं असलं तरी चालतं.

मला बोलावलं होतं कुंदानं. कुंदा माझी जुनी मैत्रीण, एकाच संघात खेळलेली. लग्न होऊन अमळनेरला गेली, तिथल्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि मुलींचा रोलर हॉकीचा संघ काढून बसली. दर वर्षी ये ये म्हणायची, मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायचे. या खेपेला तिनं ट्रंक कॉल लावला आणि खरखर आवाजात ओरडून सांगितलं, "शरे, आत्ता आलीस तर ये. पुढच्या वर्षी येऊन काही उपयोग नाही."

ती मला न्यायला जळगावलाच आली होती. स्टेशनाबाहेरच्या खानावळीत तिनं मला उपयोग का नाही ते सांगितलं. मधे शेवभाजी होती. पुण्यात आम्ही शेव पोह्यांवर भुरभुरतो; इथे तांबड्यालाल रश्शात जाड शेव बुडवून देतात आणि तुम्ही रडताय हे बघून आणखी रस्सा वाढतात. मी डोळे पुसत ऐकत होते. कुंदाच्या संघात चंद्रकला नावाची मुलगी होती. रविवारी धुळ्याला सामना होता आणि तो बघून राज्याच्या मुलींच्या संघाची निवड व्हायची होती. गेल्या वर्षी निवडणाऱ्यांनी तिला वगळलं होतं. वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष.

"खेळते कशी?" मी विचारलं.

"हातात काठी आली की बघत राहावं अशी खेळते. पण वळत नाही गं."

"वळत नाही म्हणजे?"

"तूच बघ. मी बोलले की मला रडू येतं," कुंदा म्हणाली. तिनं माझ्यासाठी ताकही मागवलं.

अमळनेर

सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं आम्ही अमळनेर गाठलं. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस. झाडांवर होताच, पण रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांनाही गाड्यांवरून उडालेला कापूस लटकलेला होता. मला ते फार आवडलं. मी कुंदाला तसं म्हटलंही, तर ती म्हणाली, "आवडेल तुला आज. उद्या चाकांत अडकला की सांग."

कारण मुली खेळायच्या ती जागाही कापसाचीच होती. जिनिंगचा कारखाना, म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात तो. त्याचं भलंमोठं सिमेंटचं आवार. हंगामात त्यात कापसाचे ढीग लागायचे, बैलगाड्या यायच्या. मोकळी उरायची ती फक्त मधली गोल जागा, कारण तिथे देवीचं छोटंसं देऊळ होतं आणि देवीला कापूस घासू नये म्हणून ढीग चारी बाजूंनी लांब ठेवायची पद्धत होती. देऊळ माणसाच्या उंचीचं, दार नसलेलं. आत शेंदूर लावलेली देवी आणि तेवणारा दिवा. ह्या देवळाभोवतीच्या कड्यात मुली स्केटिंग शिकल्या होत्या. शाळेचं मैदान मातीचं, गावचे रस्ते उखडलेले, दुसरी जागा नाहीच.

दुपारी मजूर जेवायला गेले की कारखाना तासाभरापुरता गप्प व्हायचा. तेव्हा मुली आल्या. सलवारी वर खोचलेल्या, कॅनव्हासच्या बुटांवर पट्ट्यांनी आवळलेले जुने स्केट्स. सगळ्यांनी आधी देवीला नमस्कार केला आणि सुटल्या! काय सांगू, मी तोंडाचा आ करून बघत राहिले. चंद्रकला पहिल्याच फेरीत ओळखू आली. लांब, सावळी, वेणी कमरेत खोचलेली. वळणावर शरीर आत झुकवायची, डावा पाय उजव्यावरून टाकायची आणि खालच्या पायानं असा रेटा द्यायची की माझ्या पुण्यातल्या, इंपोर्टेड स्केट्सवाल्या पोरींनी येऊन शिकावं.

"अगं, हिला मी काय शिकवू?" मी कुंदाला म्हटलं.

"उलट फिरायला सांग," कुंदा म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

मी टाळी वाजवली. "छान! आता उलट्या दिशेनं फिरा बघू."

कुणी हललं नाही. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. चंद्रकलेनं देवळाकडे पाहिलं. देवळाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ सुपारी कातरत बसले होते, धोतर, बंडी आणि डोक्याला रुमाल. ते उठले, अडकित्ता बाजूला ठेवला आणि हात जोडून मला म्हणाले, "उलटं नही, बाई. उलटं चालत नही."

हे आबा. कारखान्यातले मुकादम, देवीची दिवाबत्ती करणारे आणि चंद्रकलेचे वडील.

मग सगळा उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी कुंदा इथे जागा मागायला आली तेव्हा, मुलींनी पायांत चाकं बांधून पुरुषांच्या कारखान्यात धावायचं, ह्याला आबा काही केल्या तयार होईनात. शेवटी कुंदा म्हणाली, "आबा, असं समजा की मुली देवीला प्रदक्षिणा घालतायत." आबांना ते एकदम पटलं. शेटजींकडे शब्दही त्यांनीच टाकला. पण प्रदक्षिणा म्हटल्यावर देवी उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं! अख्खा संघ वर्षानुवर्षं उजवीकडे वळत होता. डावीकडे वळायची वेळ आली की मुली थांबायच्या, दोन-चार पावलं खुडबुड खुडबुड करायच्या आणि तोंड फिरवायच्या. तोवर चेंडू गेलेला असायचा. धुळ्याच्या मुलींना हे पक्कं ठाऊक होतं. त्या चंद्रकलेच्या उजव्या अंगाला भिंतीसारख्या उभ्या राहायच्या आणि निवांत असायच्या. गेल्या वर्षी निवडणारे म्हणाले होते, मुलगी चांगली आहे, पण एका बाजूची आहे.

मी मुळात तापट. त्यात पुणेरी. म्हटलं, "आबा, ही कसरत आहे, पूजा नाही."

"तुम्हनाकरता कसरत, बाई," आबा शांतपणे म्हणाले. "माले कुंदाताईनी सांगेल व्हतं, पोरी मायले फेऱ्या मारतीन. म्हनीसन मी जागा दिनी. मानूस गया म्हंजे चिताभवती उलटं फिरतस. मायना भवती पोरीस्ले उलटं कसं फिरू देऊ?"

"आणि तुमच्या मुलीचं नुकसान झालं तर?"

आबा पायरीवर परत बसले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती खाली वाकून उगाचच स्केटची पट्टी सोडत आणि बांधत होती. भोंगा झाला, मजूर परत आले. आबा उठून कामाला लागले. जाता जाता मात्र वळून म्हणाले, "राग शे ते शे, बाई. सांजले घर भरीत खावाले या."

अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

अमळनेर, आबांचं घर

भरीत आम्हीही करतो. गॅसवर एक वांगं भाजायचं, दही घालायचं, चमचाभर पानात वाढायचं. आबांच्या घरामागच्या शेतात मी पाहिलं ते वेगळंच प्रकरण होतं. कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात टोपलीभर हिरवी, लांबट वांगी. आबांची बायको, सगळे तिला अक्का म्हणत, ती उघड्या हातांनी वांगी उलटवत होती. मग साल काढून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, भाजलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वर तेलाची फोडणी. बरोबर कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, काळपट, खरपूस. मी किती खाल्ली ते लिहीत नाही. "घ्या व ताई, आजून घ्या," अक्का म्हणत राहिली आणि मी घेत राहिले.

आबा अंगणात हात धुवायला गेले तेव्हा चंद्रकला तांब्या घेऊन मागे गेली. त्यांच्या हातावर पाणी घालता घालता तिनं काहीतरी सांगितलं आणि दोघं हसली. दुपारचा विषय त्या घरात कुणीच काढला नाही. मलाच राहवेना. शेताच्या बांधावर मी तिला गाठलं.

"तूच सांग ना आबांना. तुझं ऐकतील."

"नाही मॅडम." ती लगेच म्हणाली. "ते ऐकतील, म्हणूनच नाही सांगणार. हो म्हणतील आणि मग त्यांना रात्रभर झोप येणार नाही. तुम्ही पण त्यांना काही बोलू नका."

"आणि तुझी निवड?"

तिनं पायानं एक ढेकूळ फोडलं. "मला खूप वाटतं मॅडम. रोज वाटतं," ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. मला माझाच राग आला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग मी विचार केला, देवीभोवती फिरता येत नाही ना, शेतात तर येतं! तिथल्या तिथे चप्पल काढायला लावली. डावीकडे वळायचं म्हणजे वजन डाव्या पायावर, तेही त्याच्या बाहेरच्या कडेवर. गुडघा वाकलेला, कंबर खाली. उजवा पाय डाव्यावरून टाकायचा आणि खाली सापडलेल्या डाव्या पायानं आडवा रेटा द्यायचा. सगळी ताकद त्या खालच्या पायाची, आणि नेमका त्याच्यावरच कुणाचा भरवसा नसतो. मी तिचा हात धरून तिला कडेला झुकवायची आणि ती घाबरून सरळ व्हायची. उजवीकडे वाऱ्यासारखी झुकणारी पोरगी डावीकडे झुकताना माझं मनगट सोडेना. हळूहळू झुकली. अक्का दारातून बघून हसत होती, शहाण्या बायका काळोख पडेस्तोवर ढेकळांत काय नाचतायत म्हणून.

पण माती ती माती आणि चाकं ती चाकं. पुढच्या दुपारी कड्यात मी मुलींना बाकीचं सगळं शिकवलं. सरळ जाताना पाय मागे नाही, बाजूला ढकला. ढकललेला पाय परत अंगाखाली आणा, मगच टेकवा. आणि टेकवा, आपटू नका! ह्या शेवटच्या गोष्टीसाठी मी घसा फोडला. जुन्या चाकांवर आपटून आपटून चालायची सवय, सगळं आवार दणाणायचं. मुली हो मॅडम म्हणायच्या आणि पुन्हा आपटायच्या. आबा पायरीवरून सगळं बघत होते. रविवार जवळ येत होता.

अमळनेर, दुपार

दुसऱ्या दिवशी आम्ही आवारात पोचलो तर आबा देवळापाशी उभे. अंगात धुतलेली बंडी. हातात निरांजन. देवीपुढे भाकरी आणि गुळाचा खडा. मुली येऊन उभ्या राहिल्या तशी त्यांनी आरती म्हटली, भर दुपारी. मग खिशातून घडी केलेलं लाल कापड काढलं. अक्काच्या जुन्या लुगड्याचं होतं, काठ तसाच होता. ते त्यांनी देवळाच्या उघड्या चौकटीवर दोन खिळ्यांना अडकवलं. देवी दिसेनाशी झाली. मला काही कळेना. कुंदाला कळलं असावं, कारण तिनं माझा दंड घट्ट धरला.

आबा आमच्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माय निजेल शे."

त्यांनी पडदा खाली नीट ओढला.

"बठ्ठा दिवस उभी ऱ्हास ती. दुपारले जराशी पाठ टेकी, तेमा काय बिघडस? घरमा माय निजेल ऱ्हास तवय पोरी फिरतसच ना इकडे-तिकडे? तशा फिरा. जसं फिरनं व्हई तसं." मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "पन आवाज नका करू. माय जागी व्हई."

मी देवभोळी नाही. आमच्या घरात गणपतीशिवाय फार काही होत नाही. पण त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही. ते इतके गडबडले की मागे सरकून पायरीवर बसलेच. "काय करतस व बाई," म्हणाले.

मुली उलट्या फिरल्या. देवी डाव्या हाताला. पहिली फेरी म्हणजे निव्वळ गोंधळ, एकीच्या चाकात दुसरीची काठी. पण एक गंमत झाली. कुणाचा पाय आपटला की आबा पायरीवरून "श्शू!" करायचे आणि पडद्याकडे बोट दाखवायचे. मुली जीभ चावायच्या. आवाज होऊ नये म्हणून काय करावं लागतं? गुडघा वाकवावा लागतो, पाय अंगाखाली आणावा लागतो आणि मग अलगद टेकवावा लागतो. मी जे आदल्या दिवशी बोंबलून सांगत होते ते त्या आईची झोपमोड होऊ नये म्हणून आपोआप करायला लागल्या. बघता बघता आवारात चाकांची नुसती सरसर ऐकू यायला लागली.

मला चेव आला. म्हटलं आपणही दाखवावं डावं वळण कसं असतं ते. स्केट्स चढवले, छानपैकी झुकले आणि नेमका तेव्हाच चाकात कापसाचा बोळा अडकला. मी सपशेल आडवी! दण्णकन आवाज झाला. कंबरेतून कळ गेली, आणि विचारपूस सोडाच, अख्खा संघ एका सुरात माझ्यावर "श्शूऽऽ!" करून ओरडला. बाईनं पदर धरावा तसा तोंडावर रुमाल धरून आबा हसत होते.

चंद्रकला मात्र हसली नाही. ती एकटीच कडेनं फिरत होती. वळणावर झुकायची, अर्ध्यात भीती वाटून सरळ व्हायची, घसरायची. गुडघा फुटला, तळहात सोलपटले. तोंडातून हूं की चूं नाही. ती पडली की आबा पडद्याकडे बघत बसायचे. बापाला लेकीकडे बघवत नव्हतं आणि उठूनही जाता येत नव्हतं. मी तिच्या बाजूनं जाऊन फक्त म्हटलं, "खालच्या पायावर विश्वास ठेव." कितव्या खेपेला कोण जाणे, ती झुकली आणि झुकलेलीच राहिली. उजवा पाय वरून गेला, डाव्यानं खालून रेटा दिला आणि ती वळणातून बाहेर पडली ती वेग घेऊनच. तिला स्वतःलाच खरं वाटेना. तशीच पुन्हा गेली, आणि पुन्हा.

तेव्हापासून रोज दुपारी देवी झोपली. भोंगा व्हायच्या आधी आबा पडदा काढायचे, दिव्याची वात सारखी करायचे आणि पुटपुटत काहीतरी बोलायचे. काय बोलायचे ते मी विचारलं नाही.

धुळे

रविवारी एसटीनं धुळ्याला गेलो. आबांनी आजवर लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता, दिवाबत्तीला कोण, म्हणून. ह्या वेळी अक्काला दिव्यापाशी बसवून ते आले. कोट घातला होता. बसमध्ये सगळ्या पोरींच्या काठ्या एकट्यानं मांडीवर घेऊन बसले.

धुळ्याची रिंक म्हणजे एका शाळेमागचा सिमेंटचा चौक, कडेनं लोखंडी कठडा. पांझरेकडून गार वारा येत होता. यजमान मंडळींनी आम्हाला पोहे दिले, वर शेव, आणि कुंदाच्या मुलींना बघून त्यांच्या मुली एकमेकींच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. निवडणारे खुर्च्यांवर येऊन बसले. सामना सुरू झाला.

अपेक्षेप्रमाणे त्यांच्या दोघीजणी चंद्रकलेच्या उजव्या अंगाला येऊन चिकटल्या. डावीकडे अख्खं मैदान मोकळं. मी कठड्यावर मुठी आपटत होते. "डावी! अगं डावी!" चेंडू यायचा, ती निघायची, आणि डावीकडे वळायची वेळ आली की तिची नजर एकदा आबांकडे जायची. तेवढ्यात सगळं संपायचं. पूर्वार्ध असाच गेला. आमच्यावर गोल झाले. खुर्चीवरच्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला उजवीकडे हात करून काही दाखवलं आणि मान हलवली. 

मध्यंतरात आबांनी मला विचारलं, "बाई, ती डावीकडे काब्र जात नही? तठे ते कोनीच नही."

मला खोटं बोलवेना. "आबा, ती तुमच्याकडे बघते. तुम्हाला वाईट वाटेल असं तिला वाटतं."

"माले?" ते म्हणाले. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. चंद्रकला पलीकडे गुडघ्यावरचा रुमाल घट्ट करत होती. आबा उठले, कोटाची बटणं लावली आणि कठड्याच्या कडेकडेनं चालायला लागले. मला वाटलं, निघाले. पण ते पार पलीकडे गेले, समोरच्या गोलाच्या डाव्या कोपऱ्यात, आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभे राहिले.

उत्तरार्धात चेंडू चंद्रकलेकडे आला. दोघीजणी उजवीकडे सरसावल्या. तिनं सवयीनं आबांची जागा पाहिली, तिथे आबा नव्हते. मग ते तिला दिसले. डावीकडे, कोपऱ्यात, हात उंच करून उभे होते, शाळा सुटल्यावर फाटकाशी उभा राहणारा बाप मुलीला दिसावा म्हणून हात करतो तसे. ती झुकली. इतकी झुकली की मी डोळे मिटले. चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही. डोळे उघडले तेव्हा त्या दोघी उजवीकडे तशाच उभ्या होत्या, आणि चेंडू जाळ्यात होता.

त्यानंतर ती दोन्हीकडे वळली. मन मानेल तशी. सामना आम्ही हरलो, ते राहूदे. संध्याकाळी छोटंसं भाषण झालं आणि निवडलेल्या मुलींची नावं वाचली. कुंदानं माझा हात इतका दाबला की बोटं सुन्न झाली. चंद्रकलेचं नाव आलं तेव्हा आम्ही दोघी मिठी मारून रडलो, भर मैदानात, चाळिशीच्या बायका.

आबांना त्या भाषणातलं फारसं कळलं नव्हतं. "काय म्हनतस त्या?"

"निवड झाली, आबा! आता महिनाभर पुण्याला सराव. माझ्या घरी राहील."

"पुन्याले," ते म्हणाले आणि कठड्याशेजारच्या पायरीवर बसले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. निवड व्हावी एवढंच डोक्यात होतं, निवड झाली की पोरगी जाणार, हे आत्ता कळत होतं. चंद्रकला समोर येऊन उभी राहिली. तिनं बापाचा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाली, "आबा, मी नही जात."

आबा ताडकन उठले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "नही जात? मंग मी मायले दिवसाढवळ्या कसाले निजाडं? जाय! जानं शे तुले." आणि मग तोंड फिरवून त्यांनी रुमालानं डोळे पुसले. चंद्रकला त्यांच्या कोटाची बाही धरून नुसती उभी राहिली.

बसस्टँडवर त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुम्हना घर भाकरी करतस ना?"

"करतात की!" मी ठोकून दिलं. आमच्याकडे पोळ्यांना बाई येते आणि ज्वारीचं पीठ मी आयुष्यात मळलेलं नाही.

"गव्हानी पोयी तिले चालत नही. दोन रोज खाई, मंग उपाशी ऱ्हाई. पन सांगस नही, आशी शे ती."

"काळजी करू नका," मी म्हटलं.

पुण्यात आल्या आल्या मी ज्वारी दळून आणली. चंद्रकला आली त्या संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात परात घेऊन बसले. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली, दुसरी हातातच तुटली. तिसरीच्या वेळी चंद्रकलेनं मला हळूच बाजूला सारलं, पीठ ओढून घेतलं आणि टपटप थापायला लागली. भाकरी टम्म फुगली. ती तिनं माझ्या ताटात वाढली, पुढची करायला घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, आबांना सांगू नका हं, तुमच्याकडे भाकरी करत नाहीत ते."